वीर निर्वाण संवताचे एक वर्ष आणि घरातील आजी-आजोबा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात गेल्या पन्नास वर्षांचा आढावा घेतला जातो. वास्तू, जीर्णोद्धार, सभागृह, पाठशाळा आणि दानशूर दात्यांची नामावली यांचा गौरवाने उल्लेख होतो आणि तो व्हायलाच हवा. परंतु मंदिरात सकाळी जो अभिषेक होतो, त्याची तयारी घरातल्या चुलीपाशी आणि पाण्याच्या हंड्यापाशी पहाटेच सुरू झालेली असते. ती तयारी ज्यांच्या हातून होते, ते आजी-आजोबा ही समाजाची एक मोठी संस्था आहे. तिची नोंदणी कोठे नाही, तिचा ताळेबंद छापला जात नाही. त्या संस्थेचे एक वर्ष कसे जाते आणि ती बंद पडली तर समाजाचे नेमके काय जाईल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात जैनांची संख्या सुमारे साडेचव्वेचाळीस लाख होती आणि त्यांपैकी सुमारे चौदा लाख महाराष्ट्रात होते. हा समाज प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटलेला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, देऊळगाव राजा यांसारख्या गावांत समाजाची घरे आहेत. पण मुले शिकली, पुण्या-मुंबईला, बंगळूरला, काही परदेशी स्थिरावली. जुन्या पेठेतल्या घरात, खाली दुकान आणि वर राहणे अशा वास्तूत, उरले ते आजी आणि आजोबा. असे दांपत्य एक नाही. श्रोत्यांपैकी अनेकांना ते आपल्याच घरातले वाटेल.

आज पंचाहत्तरीत असलेले हे आजी-आजोबा १९७४ साली ऐन तारुण्यात होते. भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव त्या वर्षी सुरू झाला. चारही संप्रदायांना मान्य असा पंचरंगी ध्वज आणि एकच प्रतीकचिन्ह त्या निमित्ताने समाजाला मिळाले. आपल्याच विदर्भातील पवनारच्या आश्रमातून आचार्य विनोबा भावे यांनी सर्व संप्रदायांना मान्य होईल असा एक ग्रंथ सिद्ध व्हावा, असा आग्रह धरला. त्यातून जिनेंद्र वर्णी यांनी संकलित केलेला ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दीपावलीच्या म्हणजेच महावीर निर्वाणाच्या दिवशी, विनोबांनी अन्नत्यागपूर्वक देह ठेवला. एकतेचा तो संस्कार ज्या पिढीवर तरुणपणी झाला, तीच पिढी आज आजी-आजोबा झाली आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या दांपत्याचा दिवस सूर्योदयापूर्वी सुरू होतो. अंथरुणावरच णमोकार मंत्राचे स्मरण, मग एक सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. आजोबा सोवळ्याचे धोतर नेसून मंदिरात जातात. आजी प्रथम पाणी गाळतात. दुहेरी, जाड, स्वच्छ फडके. गाळून झाल्यावर ते उलटे करून त्यातले सूक्ष्म जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात हळुवार परत सोडायचे. विहिरी होत्या तेव्हा हे विहिरीवरच होत असे. आता नळ आला, कूपनलिका आली, पाणी शुद्ध करणारे यंत्र आले. नातवंडे विचारतात, “यंत्र असताना फडके कशाला?” याचे उत्तर आजींना ठाऊक असते. यंत्र पाणी शुद्ध करते ते पिणाऱ्यासाठी; फडके गाळते ते पाण्यातल्या जिवासाठी. हा फरक एकदा कळला की अहिंसेचे निम्मे शास्त्र कळले.

वऱ्हाडी स्वयंपाकात कांदा आणि लसूण यांचे स्थान मोठे. त्यांच्याशिवाय पाटवडीची आमटी आणि झुणका रुचकर करून दाखवणे ही आजींची पिढीजात कला. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य. त्या दिवशी मूग, मटकी, बेसन आणि वरण यांवर सारे घर तृप्त होते. मार्गशीर्षात या भागात पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. त्यापूर्वी जेवण उरकायचे म्हणजे दुकानात गिऱ्हाईक असतानाही आजोबांनी गल्ला मिटून उठायचे. पन्नास वर्षांत त्या एका तासात किती विक्री बुडाली असेल, याचा हिशेब आजोबांनी कधी मांडला नाही. व्रताची किंमत व्यापाऱ्याला जितकी नेमकी कळते तितकी इतरांना क्वचितच कळत असेल.

जैन गृहस्थाचे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. आश्विन अमावास्येच्या पहाटे पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवसापासून वीर निर्वाण संवत मोजला जातो. त्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवला जातो. लाडू आदल्या दिवशी आजींच्या हाताखाली वळले जातात आणि सुट्टीवर आलेल्या नातवंडांना याच वेळी फटाके का नकोत, हे सांगितले जाते. दिवाळीचे चार-पाच दिवस जुन्या घराला जाग येते. मग बॅगा भरल्या जातात, भाऊबीज आटोपून मोटारी निघून जातात आणि घर पुन्हा दोघांचे होते. बाजारात कापूस येऊ लागलेला असतो, चातुर्मास संपून मुनी-साध्वींचा विहार सुरू झालेला असतो. एखादा संघ गावावरून जाणार असे कळताच आजी आहाराची तयारी करतात, आजोबा पुढच्या मुक्कामापर्यंत विहारात सोबत चालतात. गुडघे दुखतात, तरी चार किलोमीटर तरी चालायचेच.

हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवसांची, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. हा नियम आजींनी पुस्तकात वाचलेला नाही. तो सासूबाईंच्या डब्यावरून शिकला. हवेत ओल वाढली की पिठात जीव पडतात, म्हणून मुदत कमी. शीतपेटी नसलेल्या काळात अन्नाच्या टिकाऊपणाचा इतका बारकाईने विचार करणारी गृहिणी ही केवळ रूढी पाळत नव्हती. ती निरीक्षण करीत होती. फाल्गुनात अष्टाह्निका पर्व येते, कार्तिक आणि आषाढाप्रमाणेच शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत आठ दिवस. परीक्षा जवळ आलेल्या असल्यामुळे नातवंडे येत नाहीत. सिद्धचक्राच्या विधानाला वृद्धांचीच उपस्थिती असते.

चैत्र शुद्ध त्रयोदशीला महावीर जयंती. मिरवणूक, पाळणा, पाणपोई, रुग्णालयात फळवाटप असा कार्यक्रम जिल्ह्यात सर्वत्र होतो आणि या एका दिवशी सर्व संप्रदाय एकत्र येतात. वैशाखात अक्षय तृतीया. भगवान ऋषभदेवांना हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने उसाच्या रसाचा पहिला आहार दिला, त्याचा हा दिवस. श्वेतांबर घरांत वर्षीतपाचे पारणे याच दिवशी होते. बाहेर वऱ्हाडचे ऊन तापलेले असते. काही गावांत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, खेड्यांत टँकरची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत आजी ज्या जपणुकीने तांब्याभर पाणी वापरतात, ती जपणूक शासनाच्या कोणत्याही जलसाक्षरता मोहिमेला धडा ठरावी. सुट्टी लागताच नातवंडे येतात. आता पूर्वीसारखी दोन महिने नव्हे, जेमतेम आठ-दहा दिवस.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी येते. गिरनारच्या चंद्रगुहेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आगमाचे ज्ञान दिले. त्यांनी ‘षट्खंडागम’ रचला आणि या तिथीला त्याची पूजा झाली, अशी दिगंबर परंपरा आहे. वृद्ध गुरूला आपले ज्ञान आपल्याबरोबर लुप्त होईल अशी चिंता वाटली, म्हणून त्यांनी शिष्य बोलावून घेतले. शिष्य आले, म्हणून ज्ञान वाचले. त्या ग्रंथावरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंदिस्त होती. ती डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली छापून समाजापुढे आली आणि तिचा पहिला खंड १९३९ मध्ये आपल्याच वऱ्हाडातील अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढे असे एकूण सोळा खंड निघाले. शेजारच्या कारंजा येथील भांडारांनी अपभ्रंश भाषेतील दुर्मिळ ग्रंथ जपले. तेथेच १९१८ मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली.

श्रुतपंचमीला आजोबा घरातील लाकडी कपाट उघडतात. ग्रंथांना ऊन दाखवतात, नवी वेष्टने घालतात. काही पोथ्या वडिलांच्या, काही आजोबांच्याही आजोबांच्या. समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा असतात, मागच्या कोऱ्या पानावर कोणाच्या जन्माची तिथी लिहिलेली असते. कपाटाची किल्ली पुढे कोणाकडे द्यायची, हा प्रश्न त्या दिवशी आजोबांच्या मनात येतो. धरसेनाचार्यांची चिंता आज प्रत्येक जुन्या घरात आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास बसतो. शेतात कापूस आणि सोयाबीन उगवलेले असते. वाटेवर, गवतावर, भिंतीवर जीवसृष्टी उसळलेली असते. उन्हाळ्यातले वाळवण अनेक घरांत यापूर्वीच संपवले जाते, कारण दमट हवेत त्याला बुरशी धरते. पालेभाज्या बंद होतात. आजी चार महिन्यांसाठी काही ना काही नियम घेतात. कधी तूप, कधी साखर, कधी एक वेळचे जेवण. गावात मुनी किंवा साध्वींचा वर्षायोग असेल तर प्रवचनामुळे दिवसाला वळण लागते. श्रावणात पार्श्वनाथ भगवंतांचे निर्वाण कल्याणक आणि पौर्णिमेला रक्षाबंधन. विष्णुकुमार मुनींनी अकंपनाचार्यांसह सातशे मुनींचे हस्तिनापुरात रक्षण केले, ती कथा आजी दूरध्वनीवर पडद्यातल्या नातवाला सांगतात. कथा अर्ध्यावर असताना नातू उठून जातो. आजी दुसऱ्या दिवशी पुढचा भाग सांगतात.

भाद्रपद हा वर्षाचा कळस. श्वेतांबर परंपरेत आठ दिवसांचे पर्युषण संवत्सरीला पूर्ण होते. दिगंबर परंपरेत शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दशलक्षण पर्व चालते. दशमीला सुगंधदशमी. त्या व्रताची कथा अठराव्या शतकात कारंज्याच्या भट्टारक परंपरेतील कवी जिनसागर यांनी मराठीत रचली. धर्म घरच्या भाषेत सांगितला तर तो टिकतो, हे त्या काळच्या कवींना ठाऊक होते. आज नातवंडे इंग्रजीत विचार करतात, हिंदीत प्रवचन ऐकतात आणि आजीशी मराठीत बोलतात. आजीची मराठी हाच त्यांच्यासाठी धर्माचा शेवटचा आपला शब्द आहे.

या पर्वात आजोबा उपवास करतात, आजीही करतात. फरक एवढाच की आजींच्या उपवासाच्या दिवशी इतरांचा स्वयंपाकही आजीच करतात. मंदिरात बोलीचा मान आजोबांच्या नावाने पुकारला जातो. त्या दिवशीची अष्टद्रव्ये आजींनी निवडलेली, धुतलेली असतात. विश्वस्त मंडळांच्या जुन्या छायाचित्रांत आजोबा बसलेले आढळतात, आजी क्वचितच. सुवर्णमहोत्सव हा आत्मपरीक्षणाचाही प्रसंग असतो, म्हणून हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ज्यांच्या बळावर धर्म घराघरात उभा राहिला, त्या श्राविकांना निर्णयाच्या बैठकीत आसन मिळायला हवे.

पर्वाच्या शेवटी क्षमायाचना. “मिच्छामि दुक्कडम्” हा संदेश एका स्पर्शाने दोनशे जणांना जातो. परंतु आजोबा आजही काठी टेकत घरोघर जातात. पहिले घर कोणाचे? ज्याच्याशी वर्षभरात बोलणे झाले त्याचे नव्हे, तर ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याचे. वाटणीवरून दुरावलेला भाऊ, दुकानाच्या ओट्यावरून कोर्टात गेलेला चुलतभाऊ, लग्नात मानपान राहिला म्हणून रुसलेले व्याही. दोनशे संदेश पाठवणे सोपे. एक उंबरा ओलांडणे कठीण. क्षमा मागणाऱ्याने आधी आपल्या घरात मागावी, हेही आजोबा जाणतात. ते आजींना हात जोडतात आणि म्हणतात, “वर्षभरात काही लागेल असे बोललो असेन तर क्षमा करा.” आजीही तेच म्हणतात. पन्नास वर्षांच्या संसारात दरवर्षी एकदा हे घडले आहे. जैन विवाहाच्या यशाचे याहून मोठे रहस्य नसावे.

घरात जे आजी-आजोबांना साधले, ते समाजाला साधायला किती वेळ लागला याचे उदाहरण फार लांबचे नाही. मेहकरच्या पलीकडे, वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ हे दोन्ही संप्रदायांचे श्रद्धास्थान. मूर्ती अधर आहे, ही भाविकांची श्रद्धा. संप्रदायांमधील वादामुळे १९८१ मध्ये त्या मंदिराला कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये ते उघडले. मधल्या बेचाळीस वर्षांत भाविकांना झरोक्यातून दर्शन घ्यावे लागले. ज्या आजी नववधू म्हणून मोकळ्या गाभाऱ्यात दर्शन घेऊन आल्या, त्यांच्या मुलांचे बालपण आणि नातवंडांचेही बालपण त्या कुलपात गेले. कोणाची बाजू खरी, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. परंतु १९७४ मध्ये एकाच ध्वजाखाली उभ्या राहिलेल्या पिढीला सात वर्षांत ते कुलूप पाहावे लागले, ही वेदना विसरता येणारी नाही. मतभेद न्यायालयात नेता येतात. क्षमा मात्र तेथून आणता येत नाही. ती घरी शिकावी लागते.

घराचे महत्त्व किती, हे २०२० साली सिद्ध झाले. कोरोनाच्या टाळेबंदीत त्या वर्षीची ६ एप्रिलची महावीर जयंती मिरवणुकीविना गेली. मंदिरांची दारे बंद झाली, ती राज्यात १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. २०२१ मध्ये पुन्हा बंद होऊन ऑक्टोबरमध्ये उघडली. म्हणजे लागोपाठ दोन दशलक्षण आणि दोन पर्युषण पर्वे समाजाने घरातच साजरी केली. ज्या घरात आजी-आजोबा होते, तेथे पूजेचा क्रम, पाठ, प्रतिक्रमण, उपवासाची रीत, सारे काही तोंडपाठ होते. ज्या घरात ते नव्हते, तेथे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शोध घ्यावा लागला. दोन वर्षे मंदिराने समाजाला सांभाळले नाही, घराने सांभाळले. आणि त्याच काळात अनेक घरांतून हे वृद्ध कायमचे गेले. त्यांच्याबरोबर काय काय गेले, याची मोजदाद होऊ शकत नाही.

मित्रहो, पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी केंद्र सरकारने २००७ साली कायदा केला. त्यानुसार मुलांकडून आणि नातवंडांकडूनही निर्वाह मागता येतो. कायदा चांगला आहे. पण जीव एकमेकांच्या उपकारावर जगतात हे तत्त्व उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातून शिकलेल्या समाजात त्याची गरज पडू नये. शिवाय जुन्या घरातील दांपत्याला बहुधा पैशांची वाण नसते. वाण असते ती ऐकणाऱ्याची. रोज सकाळी दूरध्वनी येतो, “औषध घेतले का?” एवढे विचारतो आणि बंद होतो. “आज कोणती तिथी?” असे विचारणारा दूरध्वनी आला, तर आजोबांचा सारा दिवस आनंदात जाईल.

यासाठी तीन गोष्टी सहज शक्य आहेत. पहिली, वर्षातील निदान एक पर्व, शक्यतो दशलक्षणाचे किंवा पर्युषणाचे अखेरचे दोन दिवस, नातवंडांनी जुन्या घरी घालवावेत. दिवाळीचा फराळ तर कोठेही मिळतो. दुसरी, आजी-आजोबांनीही केवळ ‘असे करायचे असते’ म्हणून न थांबता कारण सांगावे. पाणी का गाळायचे, पीठ किती दिवस ठेवायचे, दिवस मावळण्यापूर्वी का जेवायचे, हे नव्या पिढीला कारणासह पटते आणि पटलेले टिकते. तिसरी गोष्ट संस्थेने करावी. प्रत्येक घरातील ज्येष्ठांकडून पाठ, व्रतकथा, पाककृती आणि कुटुंबाचा इतिहास लिहून घ्यावा किंवा ध्वनिमुद्रित करावा. घरोघरच्या पोथ्यांची यादी करावी. ज्या घरी दोघांपैकी एकच उरले आहे, तेथे पाठशाळेतील दोन मुले रोज सायंकाळी अर्धा तास जाऊन बसली, तर तीच पाठशाळा आणि तीच वैयावृत्ती. वृद्धांची सेवा शास्त्रकारांनी अंतरंग तपात गणली आहे, हे विसरू नये.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या कार्याला हात लावला, ते सारे त्या वेळी कोणाचे तरी नातू होते. त्यांना मांडीवर घेऊन कोणीतरी मंत्र शिकवला होता, म्हणून पुढे त्यांच्या हातून मंदिर उभे राहिले. संस्थेची शताब्दी पाहणारी मुले आज पाच-सात वर्षांची आहेत. शताब्दीच्या दिवशी शिखर असेल, ध्वज असेल, सभागृह तर याहून मोठे असेल. त्या दिवशी पहाटे अभिषेकासाठी पाणी कसे गाळायचे हे ठाऊक असलेले हात असतील की नाही, हे मात्र येत्या दहा वर्षांत जुन्या घरांच्या ओसरीवर कोण येऊन बसते यावर ठरणार आहे.